माळ्यावरचा सर्व्हर आणि त्याची उघडी दारं

सांगलीच्या मार्केट यार्डात मामाची हळदीची अडत पेढी आहे. पट्ट्या (शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पावत्या), हिशेब, काट्याचं वजन असं सगळं एका जुन्या टॉवर मशीनवर चालतं, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. २०१९ च्या ऑगस्टात गणपती पेठेतल्या जुन्या जागेत पाणी शिरलं आणि खालच्या कपाटातला संगणक गेला. तेव्हापासून सर्व्हर म्हटलं की मामाला माळाच आठवतो. शिडीनं चढायचं, सुतळीची भेंडोळी बाजूला सारायची, मग मशीन.

काम एवढंच होतं: या मशीनशी कोण बोलू शकेल हे मशीनवरच ठरवायचं. राउटरवर ठरवता आलं असतं, पण राउटरचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता. दोन शनिवार-रविवारांत होईल असं मामाला सांगितलं होतं, महिना लागला. कुणी असंच काम काढलं असेल तर निदान याच चुका करू नयेत म्हणून नोंदी आहेत तशा ठेवतेय. फाइलींची आणि आज्ञांची नावं नागरीत लिहिलीत, टाइप करताना रोमनच.

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मामाची तक्रार साधी होती, मशीन रात्री पण गुरगुरतंय. वर जाऊन झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर हळदीचा पिवळा थर बसलेला. ब्रशनं झाडला, गुरगुर थांबली. चढलेच आहे तर म्हणून जर्नल, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदी, उघडलं आणि तिथंच बसून राहिले. एसएसएचवर, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या वाटेवर, रात्रभर कुणीतरी ठोठावत होतं: रूट, अ‍ॅडमिन, ओरॅकल, पोस्टग्रेस, टेस्ट अशा नावांनी, दर वेळी वेगळ्या परक्या आयपीवरून (नेटवर्कवरच्या पत्त्यावरून). पेढीवर कुणाचा खास डोळा आहे असं यात काही नसतं. २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे मशीनचं एसएसएचसाठीचं दार, उघडं दिसलं की यंत्रं आपोआप ठोठावत फिरतात. पण ठोठावलेलं ऐकू येतंय म्हणजे आपलं दार थेट रस्त्यावर उघडतंय.

ते तसं का, हे मामाला विचारल्यावर कळलं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसानं घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून राउटरमधून २२, ८०८० आणि ५४३२ ही तीन पोर्टं आत वळवून ठेवली होती. तो माणूस गेला, पोर्टं राहिली.

घाबरून पहिली उडी फेल-टू-बॅनवर, म्हणजे सारखं ठोठावणाऱ्या पत्त्याला अडवणाऱ्या प्रोग्रामवर, मारली. बसवलं, सुरूच होईना. तासाभरानं उलगडलं: डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (नोंदी फाइलींत लिहिणारा प्रोग्राम) मुळात बसवलेलं नसतं, त्यामुळे ऑथ डॉट लॉग ही फाइलच नव्हती आणि हे बिचारं तीच शोधत होतं. त्याच्या जेल डॉट लोकल या फाइलीत बॅकएंड सिस्टमडी, म्हणजे नोंदी जर्नलमधून वाच, असं लिहिलं, पायथन-३-सिस्टमडी पॅकेज घातलं, मग चाललं. ठोठावणं कमी झालं, पण दार होतं तिथंच होतं.

जाता जाता एसएस आज्ञेनं ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढून वहीत उतरवली. २२ एसएसएच, ८० एनजिनएक्स (वेबसर्व्हर), ८०८० पट्टीचा प्रोग्राम, ५४३२ पोस्टग्रेस (डेटाबेस). ४००१ वरही काहीतरी ऐकत होतं. जुनं काहीतरी असेल म्हणून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

४ फेब्रुवारी

कॉलेजात शिकलेलं आठवलं: होस्ट्स डॉट अलाउ आणि होस्ट्स डॉट डिनाय, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही हे लिहायच्या दोन फाइली. आधी अलाउ वाचली जाते, जुळलं तर आत. मग डिनाय, जुळलं तर बाहेर. दोन्हींत नसेल तर आत. डिनायमध्ये 'ऑल: ऑल' लिहिलं, अलाउमध्ये 'एसएसएचडी: १९२.१६८.१.' अशी एकच ओळ. शेवटचा टिंब हवाच, त्यामुळेच ते सगळ्या घरच्या, म्हणजे पेढीच्या आतल्या नेटवर्कच्या, पत्त्यांना लागू होतं.

लॅपटॉप वायफायवर होता, सेशन चालू होतं, काहीच तुटलं नाही. झालं म्हणून लॅपटॉप मिटला, चहाला गेले. परत आले तर आत घेईना. आधीचं चालू सेशन म्हणजे पुरावा नव्हे, नियम फक्त नव्या जोडणीला विचारतात. दुसऱ्या खिडकीतून नवीन जोडणी करून बघेपर्यंत पहिली खिडकी मिटायची नाही, हे माहीत असूनही मिटली.

मग माळा. मॉनिटर वर न्यायला दोन माणसं, व्हीजीए केबल सापडेना म्हणून नवीन घेतली, १८० रुपये. जर्नलमध्ये इशारा होता: होस्ट्स डॉट अलाउ, ओळ १, शेवटी न्यूलाइन नाही किंवा ओळ फार लांब. मी ती ओळ प्रिंटएफ आज्ञेनं फाइलीत ढकलली होती आणि शेवटी नवी ओळ द्यायची राहिली होती. अशी ओळ ही व्यवस्था अर्धवट समजून सोडून देते. म्हणजे परवानगीची ओळ फाइलीत डोळ्यांना दिसत होती, पण नव्हतीच, आणि मनाईची मात्र होती. एक एंटर मारायला अडीच तास.

५ फेब्रुवारी

काल रात्री निर्धास्त झोपले होते. आज यार्डाच्या फाटकाजवळच्या चहाच्या गाड्यावर गेले, जिथं पेढीचं वायफाय पोचत नाही, आणि लॅपटॉप मोबाइलच्या डेटावर घेतला. २२ बंद. छान. सहज ८०८० टाकलं तर पट्टीचं पान उघडलं. ५४३२ लासुद्धा जोडणी होत होती. 'ऑल: ऑल' लिहूनही.

कारण असं की या दोन फाइली मशीनचं काही अडवत नाहीत. ज्या प्रोग्रामात लिबरॅप नावाची लायब्ररी जोडलेली असते तो स्वतःहून या फाइली वाचतो, बाकीच्यांना त्यांचा पत्ताही नसतो. प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी जोडल्यात ते दाखवणाऱ्या एलडीडी आज्ञेनं तपासलं: एसएसएचडीच्या यादीत लिबरॅप आहे, एनजिनएक्समध्ये नाही, पोस्टग्रेसमध्ये नाही. व्हित्से व्हेनेमा या संगणकतज्ज्ञानं ही व्यवस्था १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या विद्यापीठात लिहिली, त्या काळाला ती चोख होती. एसएसएचडी बनवणाऱ्या ओपनएसएसएचनं २०१४ मध्ये ६.७ आवृत्तीपासून तिचा आधार काढून घेतला, डेबियन स्वतःचं ठिगळ लावून तो चालू ठेवतं. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सनं आठव्या आवृत्तीत ही व्यवस्थाच काढून टाकली. म्हणजे एका मशीनवर चालतं म्हणून दुसऱ्यावर चालेल याचा भरवसा नाही. दोन्ही फाइली रिकाम्या केल्या. ज्या कुलपाला कोणतं दार आहे हे दर वेळी एलडीडीला विचारावं लागतं ते कुलूप मला नको.

८ फेब्रुवारी, शनिवार

यूएफडब्ल्यू, म्हणजे फायरवॉल. हे कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, पातळीवर अडवतं, प्रोग्रामला कळो न कळो. आत येणारं सगळं बंद, बाहेर जाणारं चालू, घरच्या पत्त्यांना २२, ८० आणि ५४३२ उघडं. मामाला सांगितलं, काही दिवस रात्री घरून पट्ट्या बघता येणार नाहीत. तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाला.

या वेळी शहाणपणा केला. सुरू करायच्या आधी अ‍ॅट हा ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्राम बसवून त्याला सांगितलं, दहा मिनिटांनी यूएफडब्ल्यू बंद कर. मी बाहेर अडकले तरी दहा मिनिटांत दार आपोआप उघडणार. सुरू केलं, दुसऱ्या खिडकीतून आत शिरून बघितलं, उत्तम. अ‍ॅटला दिलेलं काम रद्द करायचं तेवढं विसरले. संध्याकाळी स्थिती विचारली तर 'इनॅक्टिव्ह'. दिवसभर कुंपण नव्हतंच. पुन्हा सुरू केलं.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. ८०८० साठी मी नियमच लिहिला नव्हता, आणि कुंपण चालू असतानाही दिवाणजींच्या पट्ट्या निघत होत्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

सौद्याचा दिवस. साडेदहाला फोन: वजन येत नाही. मिरजेहून निघाले, पोचेपर्यंत काट्यापाशी पोत्यांची रांग. काट्याच्या डब्यावर लाल आकड्यांत ५२.४०, संगणकावर ०.००. हमालानं पोतं उचललं, दुसरं ठेवलं, डब्यावर ५१.८५, संगणकावर ०.००. दिवाणजी चष्मा कपाळावर ढकलून कच्च्या पट्ट्या हातानं लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "शनवारी तर चालत हुतं. तू काय केलंस?"

मी काट्याला हात लावला नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. म्हणून आधी काट्यालाच दोष दिला. सिरीयलचं इथरनेट करणारी डबी बंद-चालू केली, केबल बदलली, १५० रुपये. चाळीस मिनिटं गेली. मग कुठं जर्नलमध्ये 'यूएफडब्ल्यू ब्लॉक' शोधायचं सुचलं. ओळींवर ओळी, सगळ्या एकाच पत्त्याकडून, ५० नंबरच्या (आयपीचा शेवटचा आकडा), जायचं पोर्ट ४००१. वहीतलं प्रश्नचिन्ह ते हेच. डबी वजन ढकलत होती, मशीन निमूटपणे फेकून देत होतं.

फक्त त्या डबीला ४००१ उघडं, असा एक नियम. पुढचं पोतं, ५३.१०, संगणकावर ५३.१०. मामा एवढंच बोलला, "कुलूप लावलंस ते आमच्याच तोंडाला व्हय?"

आता पोर्टांची यादी काढली की प्रत्येक ओळीपुढे ते कोण वापरतं हे लिहिल्याशिवाय पुढं जात नाही. आणि कुंपण घालायचं ते सौदे संपल्यावर, माणसं जागेवर असताना. शनिवारी संध्याकाळी काटा रिकामा होता म्हणून चूक दोन दिवस लपली.

१२ फेब्रुवारी

घरच्या सगळ्या पत्त्यांना परवानगी हे फार ढिलं वाटायला लागलं. पेढीच्या वायफायचा पासवर्ड आजूबाजूच्या निम्म्या ओळीला पाठ आहे. म्हणून दर संगणकाचा वेगळा नियम लिहिला, जुने खोडायला घेतले. क्रमांक बघून तिसरा खोडला, मग पाचवा. तिसरा गेल्यावर पाचव्याचा चौथा झालेला असतो आणि सहाव्याचा पाचवा. दिवाणजींच्या हिशेबाचा ५४३२ चा नवा नियमच उडवला. खोडायचं तर खालून वर, किंवा नियम अख्खा लिहून. वीस मिनिटं.

दुसरं, नियम वरून खाली बघतात आणि पहिला जुळेल तो लागतो. वर 'अलाउ' असताना खाली 'डिनाय' जोडून उपयोग नाही, इन्सर्ट १ म्हणून वर घालावा लागतो.

१३ फेब्रुवारी

पुन्हा चहाच्या गाड्यावर. गाडेवाल्याला आता मी तोंडपाठ, न विचारता अद्रक कमी. २२ बंद, ५४३२ बंद, ८०८० वर पट्टीचं पान. पानावर शेतकऱ्यांची नावं, गावं, बँक खाती. घसा कोरडा पडला.

स्थिती विचारली, यूएफडब्ल्यू चालू. ८०८० ला स्पष्ट मनाई लिहिली, ती अगदी वर घातली, तरी पान उघडतंच. इथं दीड दिवस गेला. यूएफडब्ल्यू पुन्हा बसवलं, मशीन पुन्हा सुरू केलं, राउटरला शिव्या दिल्या.

घोळ डॉकरचा होता. पट्टीचा प्रोग्राम डॉकरच्या डब्यात, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या कप्प्यात, चालतो. डब्याचं पोर्ट बाहेर काढायला सांगितलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे कर्नलच्या नियमांच्या यादीत, स्वतःचे नियम घालतं. आलेल्या पाकिटावरचा पत्ता प्रीराउटिंगमध्येच, म्हणजे मशीनच्या उंबऱ्यावरच, बदलून डब्याचा केला जातो. मग ते पाकीट मशीनसाठी आलेलं राहत नाही, मशीनमधून पुढे जाणारं ठरतं. ते फॉरवर्डच्या वाटेनं जातं आणि यूएफडब्ल्यूचे माझे सगळे नियम इनपुटच्या वाटेवर पहारा देत बसलेले. चौकीदार पुढच्या दाराला, माल मागच्या अंगणातून.

दोन उपाय आहेत. डॉकर-यूजर नावाची साखळी आहे, तिच्यातले नियम डॉकर आपल्या नियमांआधी बघतं आणि त्यांना हात लावत नाही. पण तिथं पोचेपर्यंत पत्ता बदललेला असतो, त्यामुळे ८०८० म्हणून नियम लिहिला तर जुळत नाही, डब्याच्या आतलं पोर्ट लिहावं लागतं. सहा महिन्यांनी मलाच हे आठवणार नाही. म्हणून दुसरा, सोपा: डॉकरच्या कंपोजच्या फाइलीत (डबे कसे चालवायचे ते जिथं लिहितात) '८०८०:८०' होतं, ते '१२७.०.०.१:८०८०:८०' केलं. आता ते पोर्ट फक्त मशीनला स्वतःला दिसतं. पुढे एनजिनएक्स ८० वर बसून आतल्या आत ८०८० ला विचारतं, आणि ८० वर यूएफडब्ल्यूचा पहारा खरा आहे. तिन्ही संगणकांवरचे शॉर्टकट बदलले.

गाड्यावरून पुन्हा बघितलं. पान उघडेना. दुसरा चहा घेतला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पोस्टग्रेसची स्वतःची पाहुण्यांची यादी असते, पीजी एचबीए डॉट कॉन्फ. बाहेर यूएफडब्ल्यू आहे म्हणून ती सोडायची नाही असं १३ तारखेनं शिकवलं. फाइलीत बसवणाऱ्यानं 'सगळे डेटाबेस, सगळे वापरकर्ते, ०.०.०.०/०' (शेवटचं म्हणजे कुठलाही पत्ता) अशी ओळ ठेवलेली. मी खाली 'रिजेक्ट'ची ओळ जोडून मोकळी झाले, आणि फरक शून्य. इथंही पहिली जुळलेली ओळ अंतिम असते. पासवर्ड चुकला तरी पुढच्या ओळीकडे जात नाही, तिथंच नकार. ती सताड ओळ काढली, जागी दोन ओळी: दिवाणजींचा संगणक हिशेबाच्या डेटाबेसला, आणि मशीन स्वतः.

पीजी एचबीए फाइल रूल्स नावाचा व्ह्यू आहे, त्यात कोणती ओळ कशी वाचली गेली आणि कुठे चुकलं ते दिसतं. रीलोडच्या आधी तो बघावा. या फाइलीला रीलोड पुरतो, पण लिसन अ‍ॅड्रेसेस (कोणत्या पत्त्यांवर ऐकायचं ते) बदललं तर पोस्टग्रेस पूर्ण बंद करून सुरू करावं लागतं. ते संध्याकाळी केलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी वीज गेली, तासानं आली. दिवाणजींचा फोन: "आरं देवा, हे उघडंना परत." त्यांचा संगणक १४ चा होता, वीज आल्यावर राउटरनं त्याला २३ दिला. माझ्या नियमांना १४ हवा. यूएफडब्ल्यूत त्यांच्या नावापुढे १४, पोस्टग्रेसमध्ये १४. परका ठरलेला माणूस पेढीत तीस वर्षं आहे.

तात्पुरता २३ ला नियम दिला. खरा इलाज राउटरमध्ये, म्हणून जोडणीवाल्याच्या मागे लागून १८ तारखेला पासवर्ड मिळवला. तिन्ही संगणक, काट्याची डबी, प्रिंटर यांना मॅक पत्त्यावरून (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) कायमचे आयपी बांधून दिले. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलं. आयपी म्हणजे ओळखपत्र नव्हे हे मात्र ध्यानात ठेवलंय. आतला कुणीही हातानं १४ लिहून दिवाणजी होऊ शकतो. म्हणून वेगळं वायफाय, आणि पासवर्ड आहेतच.

२३ फेब्रुवारी, रविवार

मामाला रात्री घरून पट्ट्या बघायच्याच आहेत. राउटरमधली तिन्ही जुनी वळवलेली पोर्टं काढली आणि वायरगार्डसाठी (किल्ली असलेल्यालाच बाहेरून आत आणणारा खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) एकच दिलं, ५१८२० यूडीपी. ओळखीची किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, ठोठावणाऱ्याला आत कुणी आहे हेही कळत नाही. मग यूएफडब्ल्यूत वायरगार्डच्या वाटेनं आलेल्यांना २२ आणि ८०.

चूक एकच, पण बावळट: माझ्या लॅपटॉपवर अलाउड आयपीजमध्ये (बोगद्यातून जायच्या पत्त्यांची यादी) ०.०.०.०/० ठेवलं, त्यामुळे मिरजेत बसून माझं सगळं इंटरनेट पेढीच्या जोडणीतून फिरायला लागलं. फक्त पेढीचे पत्ते लिहिले, सुटलं.

संध्याकाळी जर्नल बघितलं. परक्या आयपीची एकही ओळ नाही. जर्नलला डिस्कवर जागा वाढवून दिली. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, तोच आकडा धरला.

२ मार्च, रविवार

मुद्दाम मशीन बंद करून चालू केलं. विजेनं करण्यापेक्षा आपण केलेलं बरं. यूएफडब्ल्यू उठलं, डॉकर उठलं, काट्याचं वजन आलं. वायरगार्डवरून एसएसएच मात्र नाही. मी जास्तीची हुशारी म्हणून एसएसएचडीला दोनच पत्त्यांवर ऐकायला सांगितलं होतं, घरच्या आणि वायरगार्डच्या. मशीन उठताना एसएसएचडी आधी जागं झालं, वायरगार्डचा पत्ता तेव्हा जन्मालाच आला नव्हता. 'हा पत्ता देता येत नाही' अशी एक ओळ जर्नलमध्ये टाकून ते घरच्या पत्त्यावर समाधान मानून बसलं. मी मिरजेत असते तर पुन्हा माळा.

लिसन अ‍ॅड्रेसच्या ओळी काढल्या. ऐकू दे सगळीकडे, अडवायला यूएफडब्ल्यू आहे. पुन्हा बंद-चालू, तीनदा. तिन्ही वेळा आत शिरता आलं.

८ मार्च, शनिवार

हिशेब: व्हीजीए केबल १८०, नेटवर्क केबल १५० (जुनी चांगलीच होती), मिरज-सांगली पेट्रोल ९०० धरून. वेळ तीसेक तास. त्यातला डॉकरवर गेलेला वेळ सगळ्यात जास्त, आणि काट्याची चाळीस मिनिटं सगळ्यात महाग, कारण ती माझी नव्हती.

माळ्याच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय. कोणतं पोर्ट, कुणाला, कशासाठी, आणि बंद पडलं तर आधी काय बघायचं. दिवाणजींनी वाचून ५० नंबरपुढे पेननं 'काटा' लिहिलं, कारण मी 'कन्व्हर्टर' लिहिलं होतं.

एक दार अजून उघडं आहे. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं पोर्ट राउटरमधून वेगळंच वळवलेलं निघालं, आणि मामा त्यावरून घरी बसून गोदाम बघतो, म्हणून बंद करू देत नाही. त्याच्या फोनवर वायरगार्ड घातलं की पाच मिनिटांचं काम आहे. पण फोन घेऊन तो तासगावला लग्नाला गेलाय. रविवारी फोनसकट ये म्हटलंय.